फांद्यांचा नकाशा आणि पाच कबुलीजबाब

१

नर्मदाआत्याने आम्हा सगळ्यांना माफ केलं.

वरचं वाक्य चुकून पुढे आलंय. ते तुम्ही वाचलेलं नाही आणि तसं काही घडलेलंही नाही. घडलं ते एवढंच, की एका रविवारी सकाळी धारमध्ये, उदाजीरावांच्या घराच्या तळमजल्यावरून, नर्मदाआत्याची जीभ चोरीला गेली.

जीभ म्हणजे नकाशा. सांगतो.

नर्मदाआत्या ही आमच्या अण्णांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिच्या शाळेत शिंक आली तरी मुली आधी अर्ज करत आणि मग शिंकत, असं आम्ही लहानपणी ऐकलंय. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि अक्षरांची ओळखही गेली. समजायचं मात्र सगळं. इकडे मी आणि माझी बहीण अपेक्षा दोघंही हिंदी माध्यमातले. मराठीची एक ओळ वाचून होईतो समोरच्याचा चहा निवतो. म्हणजे लिहून बोलायचा रस्ता दोन्ही टोकांनी बंद.

अपेक्षा देवासला एका कोचिंगमध्ये मुलांना माइंड मॅप काढायला शिकवते. मधोमध विषय, त्यातून फुटणाऱ्या रंगीत फांद्या, फांद्यांना डहाळ्या आणि डहाळीच्या टोकाला एकच शब्द नाहीतर एक चित्र. मौर्य साम्राज्यापासून मूत्रपिंडापर्यंत सगळं ती या झाडावर टांगते. तिने चार्टपेपर एकमेकांना चिकटवून आत्यासाठी असाच एक नकाशा काढला. मधोमध आत्याचा चष्मा. हिरवी फांदी खाण्याची, लाल दुखण्याची, केशरी देवाची, तपकिरी घराची आणि निळी माणसांची. आत्याच्या पलंगाची डावी बाजू भिंतीला लागून होती आणि तिचा डावा हात शाबूत होता. तिथेच, हाताच्या टप्प्यात, नकाशा लावला. आत्या बोट ठेवायची, आम्ही अर्थ लावायचो.

पहिल्याच दिवशी तिने बोट ठेवलं चहाच्या कपावर, मग आईवर, मग लाल फांदीवरच्या डोक्यावर.

"सरलाच्या चहाने तिचं डोकं दुखतं," अण्णा म्हणाले.

"सरलाने चहा दिला की डोकं थांबतं," आई म्हणाली.

हा वाद अजून मिटलेला नाही. पण घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. आणि त्या रविवारी भिंत कोरी होती.

२

भिंत कोरी आहे हे पहिल्यांदा कोणाला दिसलं, हे कोणीच सांगेना. सगळ्यांना एकदमच दिसलं असावं, कारण सगळे एकदमच खोलीत शिरले होते. शिरण्याला कारण होतं.

त्या दिवशी आत्याला एक प्रश्न विचारायचा होता.

आत्या एकटी राहायची. आई-अण्णा पाळीपाळीने तिच्याकडे झोपायला जायचे आणि दोघांच्याही कमरेने संप पुकारला होता. म्हणून असं ठरलं, की आत्याने ही जागा सोडायची. एकतर आमच्या घरी यायचं, नाहीतर देवासला अपेक्षाकडे जायचं. अपेक्षाने आदल्या खेपेला तपकिरी फांदीच्या टोकाला दोन घरं काढून ठेवली होती: आमचं, पुढे स्कूटर असलेलं, आणि तिचं, मागे देवासची टेकडी असलेलं. आत्याने फक्त बोट ठेवायचं होतं. मालक उदाजीरावांना महिनाअखेरीस जागा रिकामी होईल असं अण्णांनी सांगून टाकलं होतं, आणि उदाजीरावांनी गंधवानीहून बदलून येणाऱ्या एका तलाठ्याला होकार देऊन टाकला होता. सगळं लोकशाही पद्धतीने चाललं होतं. फक्त मतदान तेवढं बाकी होतं.

आणि मतपत्रिकाच गायब.

आत्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. गुडघ्यांवर पांघरूण, पुढ्यात पोह्यांची बशी. तिने बशीवर दोनदा बोट वाजवलं. आईने सवयीने आणखी शेव घातली.

"कोणी केलं हे?" अपेक्षा म्हणाली. "तिचं बोलणं होतं ते. मस्करी असेल तर आत्ताच सांगा."

मग अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मीच केलं."

ऐकून आम्हाला धक्का बसला. पण बसायला वेळ मिळाला नाही, कारण आई म्हणाली, "त्यांनी नाही. मी केलं."

आणि दारात उभे असलेले उदाजीराव घसा खाकरून म्हणाले, "दोघंही खोटं बोलतात. गुन्हेगार आम्ही आहोत."

३

इथे नेहाची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिने केलं. नेहा अपेक्षाच्याच कोचिंगमध्ये तर्कशक्ती शिकवते. क हा ख च्या डावीकडे बसला आहे, ग ला चहा चालत नाही, तर छत्री कोणाची, असल्या प्रश्नांवर तिचं पोट चालतं. ती त्या सकाळी अपेक्षाबरोबर इंदूरमार्गे बसने आली होती ती दाल-बाफले खायला. मी दोघींना स्टँडवरून स्कूटरवर आणलं होतं. बाफले अजून चुलीवर चढले नव्हते आणि समोर तीन गुन्हेगार उभे होते.

"आमच्याकडे प्रश्नात एकच चोर असतो," ती मला हळूच, इंदुरी थाटात म्हणाली. "इथे भिया, चोरच उरत नाहीये, सगळे साक्षीदार झालेत, तेही स्वतःच्याच विरुद्ध."

तिने एकेकाला स्वयंपाकघरात बोलावलं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो.

अण्णा पहिले. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस. कबुलीही त्यांनी पाणी सोडल्यासारखी टप्प्याटप्प्याने दिली.

"तो नकाशा तुम्ही नीट पाहिला नाही. मध्ये अक्का. निळ्या फांदीवर तिच्या सगळ्यात जवळ कोण? अपेक्षा. बरं, मुलगी आहे, चित्र तिनेच काढलंय. मग हा ओट्यावर बसलेला अमन. मग दूधवाला. आणि दूधवाल्याच्या पलीकडे, पार कडेला, मी. मी तिचा पाठचा भाऊ."

"अंकल, फांदीवरच्या अंतराला अर्थ नसतो. जागा उरेल तिथे काढतात."

"तुमच्या देवासला नसेल. आमच्या घराण्यात बसायच्या जागेवरून पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद झालंय. कोणाची गादी राजापासून किती हात, यावर लग्नं मोडलीत." त्यांनी दोन बोटांची कात्री केली. "मी बुधवारी माझं चित्र कापलं आणि चष्म्याशेजारी चिकटवलं."

"म्हणजे नकाशा चोरला नाही. स्वतःला पुढे सरकवलं."

"सुरुवात तिथूनच होते," अण्णा म्हणाले आणि निघून गेले.

आई आली ती पदराने हात पुसतच. "मला कुकर काढलं होतं. सासरी येऊन एवढी वर्षं झाली, वन्संचं सगळं केलं, आणि भिंतीवर मी कोण, तर शिट्टी लावलेला कुकर. मी त्यावर हळदीकुंकवाचा माझा फोटो डकवला. पैठणीतला."

"आणि नकाशा?"

"मला नाही माहीत. पण मनातून तो मला नको झाला होता. देवाने ऐकलं असेल." आई ओट्याकडे बघत राहिली. "आज त्या चादरसुद्धा बदलू देईनात. हात धरला माझा. एरवी कधी करत नाहीत असं. कळलंच असणार त्यांना."

मग उदाजीराव. ते वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली येताना जिना उतरत नाहीत, पायउतार होतात. "आम्हाला किल्ली दाखवली होती. घरमालक, म्हणून किल्ली. तीसुद्धा पाण्याच्या टाकीखाली. आमच्या पणजोबांना दरबारात राजाच्या उजव्या हाताला बसायचा मान होता. आम्ही आमचा पगडीतला फोटो आणून त्या किल्लीवर लावला. पासपोर्ट आकाराचा. डिंकाने."

"आणि काढला कोणी नकाशा?"

"ते तुम्ही शोधायचं. शिक्षा मात्र आम्ही भोगू."

नेहाने कपाळ चोळलं. "कबुली भरपूर आहे. मुद्देमालच नाही."

तेवढ्यात अपेक्षा दारात आली. डोळे लाल. "नेहा, थांबव हे. मीच गुन्हेगार आहे. ती दोन घरं मीच काढली."

रांग लागलीच होती, म्हणून मीही हात वर केला.

४

"तू काय केलंस?" नेहाने मला विचारलं.

"काही नाही."

"मग हात का?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. भिंत कोरी दिसली तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं होतं. आज तो प्रश्न विचारायला नको, म्हणून. मी तसं सांगितलं. बाहेरून अण्णाही आत आले, आणि त्यांच्यामागे उदाजीराव. सगळ्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की हायसं वाटणारा मी एकटा नव्हतो.

"बरं," नेहा म्हणाली. "तुम्हाला काय डाचतंय ते कळलं. चोरी कोणी केली ते वेगळं. चला, भिंत बघू."

भिंतीवर सेलोटेपचे तुकडे होते. वरच्या दोन्ही टेपांखाली कागदाचे फाटके कोपरे अजून चिकटलेले होते. पलंगाच्या उशाकडच्या खालच्या कोपऱ्यातली टेप मात्र रंगासकट निघाली होती. तिथून वर तिरकी, ओढल्याची खूण.

"काकू, तुम्ही टेप कशी काढता?"

"तेलाचं बोट लावून. हळूहळू. नाहीतर हे वरून बघत असतात." आईने उदाजीरावांकडे पाहिलं.

"आमच्या भिंतीचा रंग आम्ही स्वतः उपटणार नाही," उदाजीराव म्हणाले. "एवढा पश्चात्ताप आम्हाला झालेला नाही."

"अंकल?"

"माझा खांदा वर जात नाही. चित्र चिकटवलं तेसुद्धा स्टुलावर चढून. आणि टेप मी फेकत नाही, घडी करून ठेवतो."

"अपेक्षा रोज वर्गात चार्ट लावते-काढते. ती आधी वरचे कोपरे सोडवते, मग गुंडाळी करते. झोपेतसुद्धा." नेहा भिंतीपाशी वाकली. "हा खालून ओढलाय. एका कोपऱ्याला धरून, जोर लावून. उभ्या माणसाचा हात जिथे सहज जातो तिथला एकही कोपरा कोणी नखाने सोडवलेला नाही. सकाळी नकाशा होता ना?"

"चहाच्या वेळी होता," आई म्हणाली.

"मग चहा ते पोहे या वेळात खोलीत कोण कोण आलं?"

सगळेच आले होते. आई पोह्यांची फोडणी टाकून दोनदा डोकावली. अण्णा जिलेबी घेऊन आले ते अक्काला दाखवून गेले. उदाजीराव पेपर मागायला आले. आम्ही स्टँडवरून आलो तशी अपेक्षा पाया पडायला आत गेली.

"आणि प्रत्येकाने भिंत पाहिली?"

कोणीच पाहिली नव्हती. प्रत्येकाला त्या दोन घरांकडे बघायचं टाळायचं होतं.

नेहा भिंतीपासून मागे वळली. मग म्हणाली, "मी मुलांना सांगते, अडलात तर आधी हे बघा की प्रश्नात काय दिलंय आणि तुम्ही काय वाचलंच नाही. आमचा प्रश्न नेहमी असतो, कोण कोणाच्या डावीकडे बसलंय. इथे मी सकाळपासून तुम्हा सगळ्यांना विचारतेय, आणि तुम्ही सगळे तर उभे होतात."

खोलीत बसलेलं माणूस एकच होतं. ते शेव चावत होतं.

५

"आत्या," नेहा पलंगापाशी जाऊन म्हणाली, "जरा उठता?"

आत्याने तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं सोपं नव्हतं. त्या नजरेखाली धारमधल्या मुलींच्या अनेक पिढ्यांनी नखं लपवलीत. मग आत्याने हळूच डावा हात अपेक्षाच्या खांद्यावर टाकला. आईने दुसरी बाजू धरली. दोघींनी तिला उचललं तसा गादीवरून कुरकुर आवाज आला.

नकाशा चादरीखाली होता. चौपदरी दुमडलेला, बसून बसून गरम झालेला.

"म्हणजे मघाशी मला खूण केली, वर सरकव म्हणून," आई पुटपुटली. "मीच बसवलं त्यांना त्यावर. माझ्या हाताने."

"म्हणून चादर बदलू दिली नाही," नेहा म्हणाली. "आणि जिचं बोलणं चोरीला गेलंय ती बाई शेव मागते, तेव्हाच मला कळायला हवं होतं. इथे रडत कोण होतं? तुम्ही सगळे. त्या नव्हत्या."

अपेक्षाने घडी उलगडली. चष्मा होता. अण्णा चष्म्याला खेटून होते, आई पैठणीत होती, उदाजीराव पगडीत होते. तपकिरी फांदीचं टोक मात्र नव्हतं. दोन्ही घरं फाडून काढली होती. ती कुठे आहेत ते आत्याने स्वतःच दाखवलं: पोह्यांच्या बशीखाली, बारीक बारीक तुकडे करून.

"पण का, अक्का?" अण्णा म्हणाले. "तुला माझ्याकडे यायचं नसेल तर देवासवर बोट ठेवायचंस. देवास नको तर माझ्यावर."

आत्याने नकाशा उलटा केला.

मागच्या कोऱ्या बाजूला, नकाशाबरोबर टांगलेल्या स्केचपेनने, डाव्या हाताने काढलेलं एक वर्तुळ होतं. वाकडं, थरथरतं, दोन ठिकाणी तुटलेलं. त्याला एकही फांदी नव्हती.

आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

"लाडू," अण्णा म्हणाले.

"आम्हाला यात राजचिन्हातला सूर्य दिसतो," उदाजीराव म्हणाले.

"शून्य मार्क दिलेत," आई म्हणाली. "सगळ्यांना मिळून."

आत्याने वर्तुळावर बोट ठेवलं. मग स्वतःच्या छातीवर. मग पलंगाच्या काठावर, आणि तिथे ते दाबून धरलं. नखाचा रंग पांढरा होईपर्यंत.

अपेक्षा खाली जमिनीवरच बसली.

"मी वर्गात रोज सांगते," ती म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. "फांदीवर फक्त महत्त्वाचे शब्द घ्या. छोटे शब्द गाळा. आणि, पण, तर, नाही. यांना चित्र नसतं. यांच्यावाचून काही अडत नाही." तिने वर्तुळावरून बोट फिरवलं. "मी तिला चहा दिला, देव दिले, गुडघा दिला, दूधवाला दिला. 'नाही' दिलंच नाही. एवढ्या मोठ्या भिंतीवर तिला नाही म्हणायला जागाच नव्हती."

"म्हणून तिने भिंतच काढली," नेहा म्हणाली.

अण्णांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "तिला इथेच राहायचंय हे मला माहीत होतं. म्हणून तर मी दोनच घरं काढायला सांगितली."

त्या खोलीतला खरा कबुलीजबाब तेवढा एकच. तो कोणी मागितलेला नव्हता.

६

उदाजीराव वर गेले आणि त्यांनी तलाठ्याला फोन केला. जिन्यातून आम्हाला ऐकू येत होतं. "माफ करा, जागा रिकामी नाही. नाही साहेब, होणारही नाही. आमचा शब्द? हो, दिला होता. तो आम्ही परत घेतोय. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच." खाली येऊन ते म्हणाले, की आठवड्यातल्या एका रात्री पलंगाशेजारच्या खाटेवर ते स्वतः झोपतील. आई म्हणाली ते बरं दिसणार नाही. मग असं ठरलं, की त्यांच्या सूनबाई झोपतील आणि मान उदाजीरावांना मिळेल.

बाफले झाले. सगळ्यांनी खाली माना घालून खाल्ले. नेहाने तीनदा तूप मागून घेतलं, कारण तिच्या मनावर कसलंच ओझं नव्हतं.

संध्याकाळची बस धरायच्या आधी अपेक्षाने नवा नकाशा काढायला घेतला. या वेळी तिने सुरुवात उघड्या पंजाच्या चित्राने केली. पंजा म्हणजे नाही. मोठा काढला, आत्याच्या हाताशी येईल असा. मग तिने खाण्याची फांदी काढली, आत्याचं बोट पंजाकडे गेलं नाही. दुखण्याची काढली, देवाची काढली, चाललं. मग तिने निळा पेन उचलला आणि विचारलं, "अण्णा कुठे काढू?"

आत्याने पंजावर बोट ठेवलं.

"बरं, आई?"

पंजा.

"मी?" अपेक्षा म्हणाली.

आत्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मग तिचं बोट सावकाश पंजावर गेलं. माझं विचारायची मला हिंमत झाली नाही. दूधवाल्याचं विचारलं, तर बोट जागचं हललं नाही. तो आता चष्म्याच्या अगदी शेजारी आहे.

त्याला बरेच दिवस झाले. आत्या तिथेच राहते, छान आहे, आईच्या चहाला रोज पंजा दाखवते आणि मग पिते. आम्ही पाळीने जातो. सगळ्यांच्या वतीने मी एक अर्ज तयार केला आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून दर रविवारी पलंगाशेजारी उभं राहून, अडखळत का होईना, वाचून दाखवतो. तो असा:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका (निवृत्त),
श्रीमती नर्मदाबाई,
तळमजला, धार.

विषय: नकाशावर फांदी मंजूर होण्याबाबत.

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, खाली सह्या करणारे अर्जदार हे आपले बंधू, भावजय, भाचरं व घरमालक असून, आपणास दोनच पर्याय देऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोषी आहेत. दोषाबाबत अर्जदारांचे काहीही म्हणणे नाही. तरी आपल्या नकाशावर अर्जदारांसाठी निळ्या रंगाची किमान एक फांदी मंजूर करण्यात यावी. ती सर्वांत मिळून एक असली तरी चालेल. दूधवाल्याच्या पलीकडे, कागदाच्या अगदी कडेला, टाकीखाली असली तरी चालेल. चित्र कुकरचे असल्यासही हरकत नाही. जागेवरून कोणताही अर्जदार यापुढे वाद घालणार नाही, अशी लेखी हमी सोबत जोडली आहे.

योग्य तो आदेश व्हावा, ही विनंती.